विरलेलं कोपर

शब्द घरात सापडल्याशिवाय धडा संपवायचा नाही, असा आजोबांचा आणि मुंगीचा करार होता.

करार आजोबांनीच काढलेला. शाळेच्या बाईंनी घरी पाठवलेलं लेखनाचं पुस्तक दिसायला अगदी किडकिडीत, पण आत ठळक अक्षरांत छापलेले शब्द असे की आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं. कथानक. निवेदक. वातावरणनिर्मिती. आजोबांचा सगळा जन्म रफू करण्यात गेला होता. कापडाला पडलेलं भोक असं भरायचं की मालकालाही ते नंतर सापडू नये, हे त्यांचं काम. गोष्टी त्यांनी पुष्कळ वाचल्या होत्या, गल्लीतल्या पोरांना सांगितल्याही होत्या. त्यांच्या टेबलाभोवती कायम दोन-चार पोरं घोटाळत असायची आणि सुईत दोरा ओवायच्या बदल्यात गोष्ट मागायची. पण गोष्टीच्या अवयवांना अशी नावं असतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी शब्दकोश उघडला. शब्दकोशाने एका अवघड शब्दाच्या बदल्यात तीन अवघड शब्द हातावर ठेवले. मग त्यांनी तो मिटला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मुंगे, हे काही खरं नाही. आपण हे शब्द घरातच शोधू. असतील इथेच कुठेतरी."

मुंगी दहा वर्षांची. रांगायला लागल्यापासून जे हाताला लागेल ते ओढत नेऊन कोपऱ्यात साठवायची, म्हणून तिच्या बाबाने ठेवलेलं हे नाव. आता तो बाबा नव्हता. थंडी सुरू होत होती, तेव्हा एका सकाळी तो कामाला निघाला, बसथांब्याच्या बाकावर बसला आणि उठलाच नाही. काच बसवणारा माणूस, उंच उंच इमारतींच्या खिडक्यांपाशी शिडीवर उभा राहणारा. घरच्यांना धास्ती होती ती शिडीची. शिडीने कधीच दगा दिला नाही. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले, आणि आधी काही जाणवलं होतं का, असं त्यांनी विचारलं. कुणालाच काही सांगता आलं नाही.

त्यानंतर मुंगी शाळेत जाईना. सकाळी उठायची, आवरायची, बूटसुद्धा घालायची, पण दारापाशी घोडं अडायचं ते अडायचंच. रडणं नाही, हट्ट नाही, नुसती उभी. बाई समजूतदार होत्या. त्यांनी सांगितलं, ही सहामाही घरीच राहू दे. बाकीचे विषय आई संध्याकाळी बघेल, लेखन मात्र आजोबांनी घ्यावं. गोष्टी सांगणारं माणूस घरात असताना बाहेर कशाला जायचं? सहामाहीच्या शेवटी मुंगीने स्वतःची एक गोष्ट लिहायची, एवढंच.

आई, म्हणजे आजोबांची सून, एका लाँड्रीच्या काउंटरवर कामाला होती. लोकांचे फाटके, जळके, कुरतडलेले कपडे ती घरी घेऊन यायची. आजोबा ते दिवसभरात भरायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत न्यायची. त्यामुळे घरात नेहमी वाफेचा आणि लोकरीचा वास असायचा. खिडकीपाशी आजोबांचं टेबल, टेबलावर भिंग, सुयांची डबी, अंगुस्तान, आणि आता त्यांच्या शेजारी ते किडकिडीत पुस्तक.

करार चांगलाच लागू पडला. 'निवेदक' तर बसल्या जागी सापडला. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या एका काचेला तडा गेलेला होता आणि तिला चिकटपट्टी लावलेली होती. ती काच कुणी फोडली, हे आईला विचारलं तर ती म्हणायची की अण्णांनी, म्हणजे आजोबांनी, खिडकी आपटली. आजोबांना विचारलं तर सूनबाईंनी धुताना कढई आपटली. मुंगीचं म्हणणं होतं की काच आपली आपणच कंटाळली. "म्हणजे काच तीच, सांगणारा बदलला," मुंगी म्हणाली, आणि आजोबांना एवढा आनंद झाला की त्यांनी तिला खिशातली गोळी दिली. 'संघर्ष' कपाटात सापडला. त्याचं दार आई रोज लावायची आणि ते रोज हळूच उघडायचं. सध्या कोण जिंकतंय, असं आजोबांनी विचारलं तेव्हा मुंगी म्हणाली, दार. 'वातावरणनिर्मिती'ला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. आई घरी आली, तिने पिशवी खुर्चीवर ठेवली नाही, टाकली, आणि मुंगीने आजोबांकडे बघून भुवया उडवल्या. एक शब्दही न बोलता आजची संध्याकाळ कशी जाणार ते घराला कळलं होतं. मुंगी त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. आजोबांनी मनातल्या मनात त्या पुस्तकाला हात जोडले.

आणि मग तो शब्द आला. पूर्वसूचन.

"पुढे जे घडणार आहे त्याची खूण वाचकाला आधीच देणे," मुंगीने वाचलं.

दुपारचं स्वच्छ ऊन टेबलावर पडलं होतं. आजोबांच्या मांडीवर कुणाचातरी तपकिरी कोट होता, शिवण उसवलेला. त्यांना शब्द शोधायला उठावंसुद्धा लागलं नाही. त्यांनी कोटाची बाही घेतली, कोपराचा भाग खिडकीसमोर ताणून धरला.

"हे बघ. भोक आहे का?"

नव्हतं. पण बाकीच्या बाहीतून उजेड येत नव्हता आणि कोपरापाशी येत होता. दाट विणीमध्ये एक फिकट ठिपका, ढगामागच्या चंद्रासारखा. आजोबांनी समजावलं की कापड एकाएकी फाटत नाही. जिथे फाटणार तिथे ते आधी विरतं, धागे बारीक होत जातात. अंगावर असताना काही कळत नाही, पण उजेडात धरलं की ते सांगतं, मी इथे फाटणार आहे. याच हिवाळ्यात, किंवा पुढच्या. हेच पूर्वसूचन.

मुंगीने बाही हातात घेतली. बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिली.

"नेहमी दिसतं?"

"बघणाऱ्याला दिसतं," आजोबा म्हणाले.

हे ते म्हणाले ते आपल्या धंद्याच्या अभिमानाने. गिऱ्हाईकाला न दिसलेली विरलेली जागा दाखवून देण्यात त्यांची हयात गेली होती. वाक्य तोंडातून अगदी सहज निघालं आणि त्यांना ते आवडलंही. मुंगीने बाही खाली ठेवली. सापडला शब्द, असं म्हणाली आणि पुस्तक मिटलं. एरवी पुस्तक मिटायचा मान आजोबांचा असायचा. त्या दिवशी तिने मिटलं, एवढं त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी त्याचं काही केलं नाही.

पुढचे काही दिवस मुंगी घरातल्या वस्तू उजेडात धरत सुटली. टॉवेल, उशांचे अभ्रे, आजोबांचे मोजे. आजोबांना कौतुक वाटलं. पोरीच्या हाताला धंदा चिकटतोय, असं त्यांनी सुनेला सांगितलंसुद्धा, आणि सून म्हणाली की निदान तिचे स्वतःचे मोजे तरी त्यात नीट होऊ देत.

मग एके सकाळी स्वयंपाकघरातला दिवा फटकन उडाला आणि आईचे बूट सापडेनात. सगळं घर पालथं घातलं. शेवटी ती जुन्या चपला अडकवून धावत गेली. दुपारी आजोबांना ते बूट पांघरुणांच्या पेटीत मिळाले, खाली, अगदी तळाशी. त्यांना वाटलं, जुनी खोड परत आली, मुंगी साठवायला लागली. त्यांनी बूट दारापाशी नेऊन ठेवले. त्यानंतर एकदा भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, आणि मुंगीच्या पोटात एवढं दुखायला लागलं की आईला निघायला उशीर झाला. घड्याळाला नवा सेल घातल्यावर पोटदुखी थांबली. तेही आजोबांनी एकमेकांशी जोडलं नाही.

जोडलं गेलं ते पुढच्या आठवड्यात. आई दारात उभी होती, पिशवी खांद्याला लावलेली. मुंगी तिच्यामागे गेली, तिच्या शर्टाची बाही दोन्ही हातांनी धरली आणि दारातून येणाऱ्या उजेडात ताणली.

"आई, हा विरलाय. आज जाऊ नकोस."

आई आधी हसली. मग तिने हात सोडवायला बघितलं, तर मुंगीची पकड सुटेना. मग समजावणं झालं, रागावणं झालं, आणि शेवटी आईने तो शर्ट काढून दुसरा घातला तेव्हा मुंगीने त्याचीही बाही उजेडात धरली. त्यात काही दिसलं नाही, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

संध्याकाळी आईने पिशवी टाकली नाही, ठेवली. मुंगी बाहेरच्या खोलीत असल्याची खात्री करून तिने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. लाँड्रीच्या मालकाने आज तिला ऐकवलं होतं, उशीर झाला की बाहेर गिऱ्हाइकांची रांग लागते, असंच चाललं तर त्याला दुसरं कुणी बघावं लागेल. ते तिने दोन वाक्यांत सांगून टाकलं. तिला सांगायचं होतं ते वेगळं होतं, आणि ते सांगताना तिचा आवाज खाली खाली गेला.

"अण्णा, काय शिकवलंत तुम्ही तिला? काल झोपताना ती मला म्हणाली, तू परत येशील याची खूण दाखव. मी कुठून आणू खूण?"

सून भांड्यांकडे वळली. तिने तडा गेलेल्या काचेवरच्या चिकटपट्टीचं सुटलेलं टोक अंगठ्याने दाबून बसवलं. ते टोक रोज सुटायचं.

आजोबा टेबलापाशी आले, भिंग घेतलं आणि पुस्तकातलं ते पान पुन्हा काढलं. त्यांनी त्या दिवशी पहिली ओळ ऐकली होती, कोटाचं कोपर सापडलं होतं, आणि पुस्तक मिटलं होतं. खाली आणखी एक परिच्छेद होता. त्यात लिहिलं होतं की गोष्ट लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, म्हणून तो मागे जाऊन सुरुवातीच्या पानांत अशा खुणा पेरून ठेवतो, आणि वाचक शेवटाला पोचला की त्याला त्या आठवतात. आजोबांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. मग भिंग खाली ठेवून हात चोळत बसले. एवढंसं वाचायचं राहिलं होतं. घरात सापडलं म्हणून पुस्तक मिटलं, हा त्यांचाच करार.

दुसऱ्या दिवशी आई कशीबशी गेल्यावर त्यांनी मुंगीला टेबलापाशी बोलावलं. धडा घेणार नाही म्हणाले. विचारायचंय, म्हणाले. बाबा गेला त्या सकाळबद्दल.

मुंगी खुर्चीच्या टोकावर बसली. जणू कुणीतरी विचारण्याचीच ती वाट बघत होती. तिने सांगायला सुरुवात केली ती धड्यासारखी, एकेक मुद्दा नीट. बाबाने चहा अर्धा ठेवला. दारातून बाहेर पडला आणि मोजायची टेप विसरली म्हणून परत आला. परत आल्यावर त्याने स्वयंपाकघराच्या फुटक्या काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, रविवारी बसवतो, नक्की. मग तिच्या डोक्यावर टेपची टपली मारली. मग गेला.

"मी सगळं बघितलं होतं," ती म्हणाली. "मी तिथेच होते. आणि मला कळलं नाही. बघणाऱ्याला दिसतं, तुम्ही म्हणालात."

आपण सहज बोललेलं वाक्य त्या एवढ्याशा जिवाने किती दिवस एकटीने वाहून नेलं असेल, हे त्यांच्यासमोर उभं राहिलं. नाव मुंगी ठेवलं म्हणून काय एवढं ओझं द्यायचं असतं? त्यांना तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण ती खुर्चीवर इतकी ताठ बसली होती की हात लावला तर मोडेल असं वाटत होतं. म्हणून ते त्यांना जे येत होतं ते करायला लागले. शेजारच्या गठ्ठ्यातून त्यांनी एक निळं लोकरी जाकीट काढलं. छातीपाशी मटाराएवढं भोक होतं, कडा काळ्या. कुणाच्यातरी शेकोटीची ठिणगी उडाली होती.

"याच्या भोवतीचं कापड उजेडात धर."

मुंगीने धरलं. भोकातून उजेडाची एक काडी आली. बाकी सगळं दाट, गच्च, नव्यासारखं.

"विरलेलं दिसतंय कुठे?"

"नाही."

"ठिणगी पडायच्या क्षणापर्यंत हे असंच होतं बघ. हे अंगावर घालणाऱ्याने रोज उजेडात धरलं असतं तरी त्याला काय दिसलं असतं? मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं, मुंगे. काही कापड विरून फाटतं. काही असं जातं. मी इतकी वर्षं दोन्ही भरतोय आणि तुला एकच सांगितलं."

तिने जाकीट खाली ठेवलं नाही. मग आजोबांनी तिला भोक कसं भरतात ते दाखवलं. त्यांनी जाकिटाची खालची दुमड उलटी केली, जी कधी कुणाला दिसत नाही, आणि तिथून सुईच्या टोकाने एक लांब निळा धागा ओढून काढला. त्याच कापडाचा धागा, म्हणून रंगात रंग मिसळतो. तो त्यांनी भोकाच्या एका कडेतून दुसऱ्या कडेत नेला, एक वर, एक खाली. हा धागा इथला नव्हता, त्यांनी सांगितलं. भोक पडल्यावर मी तो मागे जाऊन आणला. गोष्ट लिहिणाराही तेच करतो. त्याला माहीत असतं भोक कुठे आहे, मग तो मागे जातो, दुमडीत हात घालतो, अर्धा चहा काढतो, विसरलेली टेप काढतो, आणि इथे आणून विणतो. पुस्तकात ते खूण म्हणून शोभतं. पण त्या सकाळी भोक नव्हतंच. त्या सकाळी नुसता चहा होता.

"पण त्याने अर्धा ठेवला होता," मुंगी म्हणाली. तिचा आवाज आता धड्याचा राहिला नव्हता.

"आणि आदल्या दिवशी?"

मुंगीने आठवून बघितलं.

"आदल्या दिवशीपण."

"पूर्ण कधी प्यायला?"

बाबाने चहा पूर्ण प्यायलेला तिला आठवेना. आई रोज म्हणायची की तुमच्यासाठी अर्धाच करत जाते, आणि अर्धा केला तर तो त्यातलाही अर्धा ठेवायचा.

"टेप कितीदा विसरायचा?"

"रोज," मुंगी म्हणाली. "आपण दार लावायचोच नाही. आई म्हणायची, थांबा, आता टेप येईल." तिचे ओठ हलले, हसण्यासाठी की कशासाठी ते तिलाही ठरवता आलं नाही. "आणि काच तर तो केव्हापासून रविवारी बसवणार होता."

"नक्की," आजोबा म्हणाले.

"नक्की," मुंगी म्हणाली, अगदी बाबाच्या सुरात, आणि त्या सुरानेच तिचा बांध फुटला. या इतक्या दिवसांत ती अशी रडली नव्हती. जे तिने खुणा म्हणून जपून ठेवलं होतं, त्यातली एकही खूण नव्हती. तो सगळा नुसता बाबा होता, रोजचा, विसराळू, अर्धा चहा ठेवणारा. खुणा होत्या तोवर तिला वाटत होतं की कळलं असतं तर त्याला थांबवता आलं असतं. आता थांबवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. आजोबांनी जाकीट बाजूला केलं आणि तिला मांडीवर घेतलं. तिचे पाय जमिनीला टेकत होते इतकी ती मोठी झाली होती.

"मीही बघत होतो गं," ते थोड्या वेळाने म्हणाले. "मीपण रोज उजेडात धरून बघतो त्याला."

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. जायच्या आधीच्या आठवड्यात मुलगा जिन्यावर थांबला होता, भिंतीला हात लावून, आणि म्हणाला होता, दमलो जरा. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ते आजोबांना आठवलं नव्हतं. दहनानंतर घरी आले, तोच जिना चढले, आणि तिथे आठवलं. तेव्हापासून जिना चढताना त्या वळणावर त्यांचा पाय अडखळायचा. किती उंच खिडक्या करून तो घरी यायचा, कितीदा दमलो म्हणायचा, हे सगळं त्यांना माहीत होतं. मुंगीला जे पटवलं ते त्यांना स्वतःलाही पटायला हवं होतं. मुंगीला पटवणं सोपं गेलं. जिन्याचं त्यांनी तिला सांगितलं नाही. तेवढा एक धागा त्यांनी आपल्यापाशीच ठेवला.

पुढची सकाळ त्या घराला कठीण गेली. आईने बूट घातले, ते जागेवर होते. पिशवी घेतली. मुंगी भिंतीला टेकून बघत होती, हात पाठीमागे. आई बाहेर पडली, जिना उतरू लागली, आणि मग तिच्या पायांचा आवाज थांबला. आजोबांनी सुई थांबवली. पाय परत वर आले. दार उघडलं आणि आई म्हणाली, किल्ल्या राहिल्या.

बोलल्यावर तिला स्वतःलाच कळलं की ती काय म्हणाली. कोण असा दारातून परत यायचा हे त्या खोलीत तिघांनाही ठाऊक होतं. मग मुंगी किल्ल्यांच्या खिळ्यापाशी गेली, किल्ल्या काढल्या आणि आईसमोर धरल्या. आईने हात पुढे केला. किल्ल्या मुंगीच्या मुठीत होत्या आणि मूठ उघडत नव्हती. आईने ओढल्या नाहीत. नुसती हात पुढे करून उभी राहिली, उशीर होत असताना.

"विसरलीस," मुंगी म्हणाली.

"विसरले गं."

"मग जा आता."

मूठ उघडली. आई गेली. मुंगी खिडकीत उभी राहिली, आई कोपऱ्यावर वळेपर्यंत, आणि वळल्यावरही बराच वेळ. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. दिवसभर ती घड्याळाकडे बघत होती, आणि संध्याकाळी जिन्यावर पाय वाजले तेव्हा ती तीरासारखी दाराकडे धावली. पण बाहीला तिने हात लावला नव्हता.

गोष्ट तिने त्या आठवड्यात लिहिली. बाईंनी दिलेल्या शब्दांपैकी कोणते वापरले ते खाली लिहायचं होतं. तिने निवेदक लिहिला, वातावरणनिर्मिती लिहिली. आजोबांनी भिंग घेऊन वाचलं. एक माणूस सकाळी उठतो, अर्धा चहा पितो, टेप विसरतो, परत येतो, मुलीला टपली मारतो आणि जातो. गोष्ट तिथेच संपत होती. जिना उतरताना तो शीळ घालत होता, ही शेवटची ओळ. बसथांबा त्यात नव्हता.

आजोबांनी विचारलं, पूर्वसूचन का नाही लिहिलंस?

"कारण नाहीये त्यात," मुंगी म्हणाली. "तो विसरायचाच."

आजोबांनी मान हलवली. कागद बाईंकडे तिने स्वतः नेऊन द्यायचा की आईबरोबर पाठवायचा, हे अजून ठरलं नव्हतं. ते आपण मागाहून बघू, असं ते म्हणाले आणि कामाकडे वळले.

जरा वेळाने मुंगी कपाटाशी खुडबुड करताना ऐकू आली. दार कुरकुरत उघडलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात बाबाचा कामावरचा कोट होता, राखाडी. काचेची बारीक धूळ शिवणींमध्ये अजून चमकत होती. तो बाबाने त्या सकाळी घातला नव्हता. आदल्या दिवशी घालून झाल्यावर आईने बाजूला काढून ठेवला होता, कोपर विरलंय, अण्णांना दाखवते म्हणून. आजोबा ते तेव्हापासून टाळत आले होते.

मुंगीने बाही खिडकीसमोर ताणून धरली. उजेड आरपार आला. काही धागे तर केसासारखे उरले होते. एक हिवाळाही टिकलं नसतं ते कोपर.

"आजोबा, हे बघा."

"हो."

"आता हे फाटणार नाही ना?"

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नाही," ते म्हणाले. "आता नाही फाटणार." आणि मग, हात सवयीने सुयांच्या डबीकडे गेला म्हणून, त्यांनी विचारलं, "भरून ठेवू का?"

मुंगीने विचार केला. बाहीवर गाल टेकला, जिथे कापड सगळ्यात पातळ होतं तिथे.

"नको," ती म्हणाली. "राहू दे."

तिने कोट घडी न करता तसाच उचलला, कपाटात नेऊन लावला आणि दार दाबून बंद केलं. थोड्या वेळाने दार आपलं आपण हळूच उघडलं. ते लावायला कुणी उठलं नाही.